मजुरीचा स्लॅब

नवनाथतात्या दारात आला तेव्हा लंकाबाई ओट्यावर बसून कात्र्यांना धार लावत होती. रविवारची दुपार होती, टोळीला सुट्टी होती. तात्या मजुरांच्या वस्तीवर कधी येत नसे. काम असलं की फोन करायचा, नाहीतर गडी पाठवायचा. लंकाबाईनं पदर सावरला आणि आतून खुर्ची आणून ठेवली.

तात्या बसला नाही. चपला काढून सरळ आत गेला. दोन्ही खोल्या बघितल्या, वर स्लॅबकडे मान करून बघितलं, पायाच्या अंगठ्यानं नवी फरशी दाबली.

"चांगलं बांधलंस," तो म्हणाला. "किती गेले?"

"झाले साडेपाच लाखाच्या आसपास."

"घरकुलातून?"

"घरकुल कुठलं तात्या. आमचं रेशनकार्ड अजून पेठ तालुक्याचं. इथल्या यादीत नावच नाय."

"मग?"

"मग काय. काम केलं."

तात्या बाहेर आला आणि आता खुर्चीवर बसला. लंकाबाईचा नवरा पुंजा मागच्या बाजूला पाणी भरत होता, तो लंगडत पुढे आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायावर दगड पडला होता, तेव्हापासून त्याला जड काम होत नव्हतं. औषधफवारणीचे पंप धुणं, बागेवर राखण, असली कामं तो करायचा.

"लंकाबाई," तात्या म्हणाला, "तू आठ वर्षं माझ्या बागेत येतेस. मी तुला कधी वावगं बोललो नाही. म्हणून सरळ विचारतो. काय सापडलं?"

लंकाबाईला वाटलं, तात्याच्या घरातलं काही गेलं. "तुमचं काय हरवलं का?"

"हरवलं नाही. सापडलंय. पांढरीत."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तात्याच्या शेताचा नदीकडचा कोपरा होता, त्याला खडकमाळ गावात पांढरी म्हणत. तिथं जुन्या काळी वस्ती होती म्हणे. माती राखेसारखी, नांगरताना खापरं निघायची. दोन वर्षांपूर्वी तिथून पाइपलाइन न्यायची होती. द्राक्षाच्या ओळींमधून जेसीबी जाईना, म्हणून लंकाबाई आणि पुंजानं चार दिवस हातानं चर खणला होता. चौथ्या दिवशी पुंजाच्या पायावर दगड पडला आणि दोघं आठवडाभर कामावर गेले नव्हते.

"एक फुटका रांजण निघाला व्हता," पुंजा म्हणाला. "बांधावर टाकला म्या. केरूनं पाहिला की."

केरू म्हणजे तात्याचा पुतण्या.

"केरूनं खापरं पाहिली," तात्या म्हणाला. "आत काय होतं ते तुम्ही पाहिलं. मग तुमचे आठ दिवस खाडे. मग वर्षभरात जागा घेतली, पाया घातला. गेल्या महिन्यात हिला नाशिकला सराफ बाजारात पाहिलं लोकांनी."

"मंगळसूत्राचे मणी ओवायला गेले व्हते," लंकाबाई म्हणाली. "लेक नाशिकला नर्सिंग शिकती, तिला भेटले आन तसंच पुढं गेले."

"लेक नर्सिंगला. तेही आहेच." तात्याचा आवाज चढला नव्हता. तो समजावून सांगितल्यासारखं बोलत होता. "हे बघ, मी पन्नास वर्षं मजूर बघतोय. तुमच्या लोकांच्या हातात पैसा राहत नाही. आला की दारू, लग्न, मोबाइल. आम्ही राबलो आणि राखलं, म्हणून आमच्याकडं दिसतं. मजुरीवर स्लॅब पडत नाही, लंकाबाई. पडला असेल तर तो मजुरीचा नाही."

तात्याची जमीन कॅनॉलच्या खालच्या अंगाला होती आणि पुंजाच्या बापाची पेठच्या डोंगरउतारावर, जिथं पावसाळा सरला की प्यायचं पाणी दीड मैलावरून आणावं लागे. हे तिला बोलता आलं असतं. पण सीझन ऐन भरात होता आणि तात्याची वीस एकर बाग तिच्या टोळीकडे होती.

"माझी जमीन, म्हणजे निम्मं माझं," तात्या उठत म्हणाला. "पोलिसात जायची माझी इच्छा नाही. वर कळलं तर सगळं सरकारजमा होईल, तुलाही नाही आणि मलाही नाही. गुरुवारपर्यंत विचार करा."

तो गेल्यावर पुंजा ओट्यावर येऊन टेकला.

"सांगून टाक ना त्याला," तो म्हणाला. "एकराचा हिशोब सांग. त्याचाच पैसा हाय, त्याला कळंल."

"त्याला सांगितलं की गावात व्हईल. गावात झालं की बायांना कळंल."

"कळू दे."

"तू नको सांगू मला."

लंकाबाईनं कात्री पुन्हा दगडावर धरली.

तिच्या टोळीत चौदा बाया होत्या. बहुतेक पेठकडच्या, तिच्याच माहेरच्या अंगाच्या. द्राक्षाची फळासाठीची गोडी छाटणी झाली की त्या थिनिंगचं, म्हणजे घडातले दाट मणी कात्रीनं काढून घड विरळ करायचं काम घेत. चार वर्षांपूर्वी लंकाबाई रोजंदारी सोडून एकरावर काम घेऊ लागली. शेतकऱ्याशी बोलायचं तिनं, जीप ठरवायची तिनं, कात्र्या तिच्या. बायांना ती रोजाचे साडेतीनशे देई. शेतकरी एवढंच देतो, असं तिनं पहिल्या वर्षी सांगितलं होतं. तिला त्यावर मुकादम म्हणून पन्नासेक मिळत असतील, असं बाया धरून चालत. कोणी खोलात विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी भीतीनं सांगितलं नाही, कारण एखादा शेतकरी बुडवेल तर बायांचा रोज आपल्यालाच भरावा लागेल असं तिला वाटे. दुसऱ्या वर्षी तसं झालंही. अवकाळीनं बागा गेल्या, एका शेतकऱ्यानं हात वर केले, आणि तिनं कानातली फुलं विकून रोज भरला. पण तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी भीतीचं कारण उरलं नव्हतं. तरीही तिनं सांगितलं नाही.

सोमवारी तात्याच्याच बागेत काम होतं. रोज ओळीत शिरल्या की बायांची बडबड सुरू व्हायची. त्या दिवशी नुसता कात्र्यांचा आवाज येत होता. लंकाबाई ज्या ओळीत जाई त्या ओळीतल्या बाया खाली बघत. दुपारी भाकरी खायला सगळ्या बांधावर बसल्या तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली.

धोंडाबाई समोर बसली होती. टोळीत वयानं सगळ्यात मोठी, लंकाबाईच्या माहेरच्या पाड्यावरची. लंकाबाईला थिनिंग तिनंच शिकवलं होतं.

"लंके," ती म्हणाली, "खरं काय ते सांग. आम्ही कुणाला बोलणार नाय."

"काय सांगू?"

"हंडा गावला का?"

"तू बी धोंडाबाई?"

"मी काय वाईट बोलले? गावला तर गावला. ज्याच्या नशिबात त्याला गावतो. फक्त म्हणते, शेजारच्या ओळीत आम्ही बी व्हतो त्या टायमाला. आमच्या हाताला पाच-पाच हजार ठेवलेस तर तुला बरकत यील."

"नाय गावला. लेकीची शपथ."

"मग घर कशानं बांधलंस?" धोंडाबाईनं विचारलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तू येती त्याच जीपमधी मी येते. तू कापती तेवढेच घड मी कापते. तुझ्या नवऱ्याचा पाय अधू, माझा तरी धड हाय. माझ्या घरावर अजून ताडपत्री. हंडा नाय तर मग काय, सांग की."

तेरा बाया घास हातात धरून बघत होत्या. हंडा सापडला असं म्हटलं असतं तर सगळ्यांना समाधान झालं असतं. नशीब म्हणाल्या असत्या आणि पुन्हा बोलू लागल्या असत्या.

"उठा आता," ती म्हणाली. "तीन ओळी राहिल्यात."

बुधवारी अकराच्या सुमाराला पुंजाचा फोन आला. त्याच्या आवाजामागे लोखंड आपटल्याचा आवाज येत होता.

"केरू आलाय. दोघं हायत संगं. फरशी उचलत्यात. मी आडवा झालो तर ढकललं मला."

"गुरुवार म्हणाला व्हता तात्या."

"तू ये."

ती बागेतून पळत निघाली. मागून पावलं वाजली तेव्हा तिनं वळून बघितलं. सगळी टोळी येत होती, गळ्यात दोरीनं अडकवलेल्या कात्र्या हलत होत्या. त्या तिच्या मदतीला येत होत्या की हंडा निघताना बघायला, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळेना.

घरापुढे माणसं जमली होती. पुंजा ओट्याच्या पायरीवर बसला होता, कोपर खरचटलं होतं. आतल्या खोलीत देवाच्या कोनाड्याखालच्या चार फरश्या निघाल्या होत्या, एकीचे तीन तुकडे झाले होते. केरू पहार घेऊन उभा होता. तात्याची मोटारसायकल बाहेर लावलेली होती आणि तात्या दारात होता. हात मागे बांधून तो बघत होता.

"तात्या, याला थांबवा."

"पोरगं ऐकेना," तात्या म्हणाला. "आणि नसेल काही तर तुला भीती कसली? एकदा बघू दे. शंका नको."

लंकाबाई आत गेली आणि उचललेल्या फरश्यांच्या जागेवर, उघड्या मुरमावर जाऊन उभी राहिली. केरूची पहार तिच्या पायापासून वीतभर होती.

"सरक मामी," केरू म्हणाला. "लागंल."

"लागू दे. तात्या, थिनिंगचं तुम्ही मला एकरी काय देता?"

तात्याच्या कपाळाला आठी पडली. "ते इथं कशाला?"

"सांगा. माझ्या तोंडचं कोणी खरं धरत नाय. तुमच्या तोंडनं सांगा."

"बारा हजार. सगळ्या गावाचा तोच भाव आहे."

बाहेर बायांची हालचाल थांबली. लंकाबाईनं तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला पुढचं बोलता आलं नसतं. ती तात्याकडेच बघत राहिली.

"एका एकराला आम्हाला दोन दिवस लागत्यात. बाया चौदा. रोज साडेतीनशे. दोन दिवसांचे नऊ हजार आठशे व्हत्यात. जीपचे सहाशे. सोळाशे राहत्यात, ते माझे. थिनिंग, छाटणी, सगळं याच भावानं धरून साली नव्वद एकर करते. चार सालं झाली. लेकीची फी सरकार भरतं. धनी कमवतो त्यात आमचं खाणं भागतं. हे घर त्या सोळाशेचं हाय. पांढरीतलं नाय."

तात्याचे ओठ किंचित हलत होते. तो मनात गुणाकार करत होता. एकरी बारा हजार तो दर वर्षी स्वतःच्या हातानं देत होता, पण ते नव्वद एकरांवर आणि चार वर्षांवर पसरून त्यानं कधी बघितले नव्हते.

"म्हणजे एकरामागं सोळाशे मी फुकटच देतोय," तो शेवटी म्हणाला. "अकराला भागतंय की तुमचं."

लंकाबाईनं डोळे मिटून घेतले. हे असं होईल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हिशोब तर लय तयार हाय," केरू म्हणाला. "चार दिवस पाठ केल्यावानी." त्यानं तात्याकडे बघितलं. तात्यानं त्याला थांब म्हटलं नाही. केरूनं लंकाबाईला खांद्यानं बाजूला केलं आणि पहार घातली.

त्यानं आणि बरोबर आलेल्या दोघांनी कमरेइतकं खणलं. सगळ्यांनी वाट बघितली. मुरूम निघाला, मग काळा दगड लागला आणि पहारीच्या टोकातून ठिणगी उडाली. केरूनं कोनाड्याखाली आणखी दोन ठिकाणी टोचून बघितलं. मग तो घाम पुसत बाहेर आला आणि कोणाकडे न बघता मोटारसायकलवर तात्याच्या मागे जाऊन बसला.

माणसं पांगली. बाया तिथंच होत्या.

"लंके," धोंडाबाई म्हणाली. "नव्वद एकर?"

"व्हय."

"चार सालं?"

"व्हय."

धोंडाबाई शाळेत गेली नव्हती, पण रोज मोजून मोजून तिला आकड्यांची सवय होती. तिनं दारातल्या मुरमाच्या ढिगाकडे बघितलं. मग तिनं गळ्यातली कात्री काढली, दोरी नीट गुंडाळली आणि ओट्यावर ठेवली. एकामागून एक सहा कात्र्या आणखी आल्या. उरलेल्या सात जणी काय करावं ते न कळून उभ्या राहिल्या आणि मग त्याही कात्र्या गळ्यात तशाच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई धोंडाबाईच्या झोपडीवर गेली. सकाळची वेळ होती. धोंडाबाई चुलीपुढे बसली होती. तिनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. लंकाबाई उंबऱ्याशी बसली.

"अवकाळीच्या साली म्या कानातलं विकलं," ती म्हणाली. "तुमचा एक रोज बुडू दिला नाय. फोन येत्यात, जीपवाला अडवतो, शेतकरी घडावरनं शिव्या देतो, ते सगळं मी खाते. त्याचे काय पैसे नाय का?"

"हायत," धोंडाबाई म्हणाली.

लंकाबाईला असं उत्तर अपेक्षित नव्हतं.

"हायत की. तू सांगितलं असतंस, मी एकराला हजार ठेवते, तर म्या म्हणाले असते, ठेव. कदाचित सोळाशे बी म्हणाले असते. मला तेवढी अक्कल हाय." धोंडाबाईनं लाकूड आत सारलं. "तू सांगितलं नाय. काल बी तू सांगितलं नसतंस. पहार आली म्हणून सांगितलंस."

लंकाबाईनं पदर गुडघ्यांवर ओढून घेतला.

"आन तुला आणखी एक सांगू? ते पैसे जाऊ दे. दोन सालं मी तुझं घर वर येताना बघितलं. रोज घरी मालकाला म्हणायचे, लंकी बघ, आपल्यासंगंच आली आन कुठं गेली. आपल्यातच खोट हाय. आपल्याला राखता येत नाय. त्यो म्हणायचा तू उधळी, मी म्हणायचे तू पितो. भांडणं झाली आमची. मग हंडा गावला असं लोक बोलले तेव्हा मला बरं वाटलं, लंके. म्हटलं, चला, आपलं काय चुकलं नव्हतं."

चुलीतला धूर दारातून बाहेर येत होता. लंकाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं ते धुरानं आहे असं म्हणता आलं असतं, पण ती तसं म्हणाली नाही.

"चुकले मी," ती म्हणाली. "इथून पुढं भाव सगळ्यांदेखत ठरवू. माझे किती ते तुम्ही ठरवा. ये कामावर."

"नाय येत," धोंडाबाई म्हणाली. "तात्यानं काल सांजच्याला बोलावलं व्हतं. अकरा हजारावर त्याची बाग मी घेतलीय. सात जणी हावोत. सातांतच वाटून घेऊ." मग ती म्हणाली, "जीपवाल्याचा नंबर तेवढा दे."

लंकाबाईनं नंबर दिला.

त्या सीझनला तिची वीस एकरं गेली. गावातल्या दुसऱ्या दोन शेतकऱ्यांनीही अकराच देऊ म्हटलं. तात्याचं पाहून त्यांनीही गुणाकार केले होते. फरशीचा तोच रंग दुकानात मिळेना, म्हणून पुंजानं खड्डा भरून वर नुसतं सिमेंट फिरवलं. आणि गावात हंड्याचं बोलणं काही थांबलं नाही. कमरेइतकं खणून काही निघालं नाही हे सगळ्यांनी बघितलं होतं, पण बाईनं आधीच माल नाशिकला लेकीकडे हलवला, असं आता लोक म्हणत. एकराचा हिशोब सगळ्यांनी कानांनी ऐकला होता. तो मात्र फारसं कोणी बोलून दाखवत नसे.

धोंडाबाईच्या टोळीला आठवड्यात कळलं की सात बायांना एकराला चार दिवस लागतात आणि तात्या पैसे महिन्यानं देतो. तिनं लंकाबाईला फोन केला. दोघी थोडंच बोलल्या. पैसे कामाआधी निम्मे मागायचे, इतकं लंकाबाईनं सांगितलं. धोंडाबाईनं बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

डिसेंबरच्या सुरुवातीला लंकाबाई तिच्याकडे राहिलेल्या सात बायांना घेऊन दिंडोरीच्या पलीकडे एका नव्या बागेवर गेली. शेतकरी तरुण होता, घाईत होता. मणी ज्वारीएवढे झाले होते आणि त्याला मजूर मिळत नव्हते. त्यानं लंकाबाईला बाजूला बोलावलं आणि हळू आवाजात भाव विचारला.

"इकडं बोलू," ती म्हणाली, आणि त्याला बाया बसल्या होत्या तिथं घेऊन आली. "आता सांगा."

त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. "बारा," तो म्हणाला. "सगळीकडं तोच आहे."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मग कडेला बसलेली सगुणाबाई, जी टोळीत कधी तोंड उघडत नसे, तिनं बागेवरून नजर फिरवली.

"घड लय दाट हायत," ती म्हणाली. "एकेका घडाला तीनदा कात्री लावावी लागंल. बाराला नाय परवडत."

"मग किती?"

सगुणाबाईनं लंकाबाईकडे बघितलं. लंकाबाईनं तूच सांग अशी मान हलवली.

"तेरा," सगुणाबाई म्हणाली. "आन निम्मे आधी."

शेतकऱ्यानं बागेकडे बघितलं, फोन काढून वेळ बघितली आणि पुन्हा बायांकडे बघितलं. तो हो म्हणेल की नाही, ते अजून कळत नव्हतं. नाही म्हणाला तर आजचा रोज बुडणार होता, आणि तो तोटा या वेळी तिच्या एकटीच्या नाही, आठही जणींच्या अंगावर पडणार होता.